उतारावरची चार मिनिटं

बरोबरची खूण करायला पेनाला अर्धा क्षणही लागत नाही. मी तशा एक्केचाळीस केल्या, एकापाठोपाठ एक, सिनेमागृहाच्या मागच्या जिन्यावर बसून. त्यातल्या तीन खोट्या होत्या. त्या तीन खुणांनी एका माणसाचे चौदा महिने पुसले गेले, आणि तो माणूस माझा गुरू होता. देवाला सगळं ठाऊक असतं म्हणतात. पण देव चारचौघांत विचारत नाही, म्हणून आपलं फावतं.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पाप नीट कळेल.

सिनेमा प्रदर्शित व्हायच्या आधी तो शे-दीडशे अनोळखी माणसांना फुकट दाखवतात. प्रत्येकाच्या हातात एक डबी देतात. डबीवर अंगठ्याने फिरवायचं चाक असतं. आवडलं की दहाकडे, कंटाळा आला की शून्याकडे. हात काढला तर आतल्या स्प्रिंगने चाक आपोआप मध्यावर, पाचावर येऊन बसतं. सगळ्यांच्या चाकांची मिळून एक रेघ संगणकावर उमटत जाते, आणि कुठे ठेवायचं, कुठे कापायचं ते त्या रेघेवरून ठरतं. आमच्या कंपनीत म्हणायचे, शून्य परवडलं पण पाच नको. शिव्या देणारा निदान बघतोय तरी. पाचवाला जिवंत आहे की नाही तेच कळत नाही.

पण हात तो हातच. कधी नाक खाजवायला जातो, कधी शेजारच्या पोराला दटावायला. म्हणून दर दोन मिनिटांनी एकाने रांगांमधून फेरी मारायची, ज्याचा हात सुटलाय त्याच्या खांद्याला हलकेच बोट लावायचं, आणि तक्त्यावर खूण करायची: फेरी झाली, हात चाकावर आहेत. बरेच हात सुटलेले दिसले तर खुणेऐवजी फुली मारायची. फुली मारली की तेवढी दोन मिनिटं मोजणीतून बाद. हे फेरीचं काम माझं. घरी ही मला फेरीवालाच म्हणते, आणि वर विचारते, "आज काय विकून आलात?"

त्या दिवशी काय विकलं ते मी तिला पुष्कळ दिवस सांगितलं नाही.

या नोकरीच्या आधी मी तीन वर्षं मास्तरांकडे होतो. मास्तर चलचित्रं काढतात. संगणकावर नव्हे, खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर, पेन्सिलीने, एका सेकंदाला बारा कागद. त्यांच्याकडे आम्ही चौघे शिकायला होतो आणि मी सगळ्यांत ढ. काढायचो कमी, खोडायचो जास्त. म्हणून मास्तरांनी मला नाव ठेवलं, खोडरबर. "खोडरबर, कागदाला भोक पडलं की सांग, पलीकडच्या बाजूने काढू," असं म्हणायचे. हसायचे, पण हाकलून कधी दिलं नाही.

एकदा मी गाढव काढत होतो. आवाज आला की दोन्ही कान एकदम वळायला हवेत. माझ्या गाढवाचा डावा कान उजव्याच्या मागून, उशिरा वळायचा. मी खोडायला हात उचलला तर मास्तरांनी मनगट धरलं.

"राहू दे. ह्याला जन्मभर डाव्या बाजूने कुणीतरी ओरडलेलं आहे. त्या कानाला आता वळायची इच्छा नाही."

तेवढा एक कान सोडला तर माझ्या हाताने कधी रेघ ऐकली नाही. मी ते काम सोडलं आणि दुसऱ्यांच्या रेघा मोजायच्या कंपनीत लागलो.

त्यानंतर नऊ वर्षांनी मास्तरांचा सिनेमा आमच्याकडे तपासणीला आला. तसा सिनेमा निर्मात्याचा, बाकी सगळा संगणकावर केलेला: डोंगरावरच्या गावाला खालच्या विहिरीवरून पाणी नेणाऱ्या गाढवाची गोष्ट. पण त्यात चार मिनिटं मास्तरांची होती. म्हाताऱ्या गाढवाची दृष्टी गेली आहे. ज्या शिंगराला त्याने सांभाळून मोठं केलं, ते आता त्याला डोंगराच्या उतारावरून खाली घेऊन येतं. संवाद नाही, संगीत नाही, नुसता खुरांचा आवाज. ह्या चार मिनिटांसाठी मास्तर चौदा महिने त्या काचेवर वाकले होते. बासष्टाव्या वर्षी.

तपासणी सकाळी दहाला होती. मुलं, आया, बाप, थोड्या आज्या. सुरुवातीच्या विनोदांना रेघ आठापर्यंत गेली असणार. मी फेऱ्या मारत होतो, बोट लावत होतो. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला उतार सुरू झाला. मी तिसऱ्या रांगेपाशी होतो.

म्हातारं गाढव प्रत्येक वळणावर थांबत होतं. इतकी वर्षं पाठीवरची भांडी सावरायला ते तिथे थांबलेलं. आज पाठ मोकळी, तरी पाय थांबायचेच. आणि शिंगरू काही न करता वाट बघायचं. ओढत नव्हतं, ढकलत नव्हतं. नुसतं उभं राहायचं, म्हाताऱ्याचं सावरून होईपर्यंत. वळणामागून वळण. मग शिंगरू जरासं फुरफुरलं. म्हाताऱ्याचा उजवा कान वळला.

डावा कान मागून वळला. उशिरा. नाखुशीने.

तो माझा कान होता. नऊ वर्षं त्यांनी तो जपून ठेवला होता.

मी भिंतीला टेकलो. अकराव्या वळणावर म्हातारं गाढव थांबलंच नाही, कारण तोवर त्याने हनुवटी शिंगराच्या पाठीवर ठेवली होती. मी रडत होतो हे मला गळा ओला झाल्यावर कळलं. समोर दीडशे माणसं. एकाचाही हात चाकावर नव्हता. एका आजीने दोन्ही तळवे तोंडावर धरले होते. एका बापाच्या मांडीवरून डबी घसरून खाली पडली होती आणि त्याला पत्ता नव्हता. त्या काळोखात कुणी खोकलंसुद्धा नाही.

मला कीर्तन ऐकायची लहानपणापासून गोडी. आईचं बोट धरून जायचो, आता आईला हाताला धरून नेतो. आमच्याकडचे एक वयोवृद्ध कीर्तनकार एकदा म्हणाले होते, लोक टाळ्या वाजवत असतात तोवर ते माझ्याबरोबर असतात. टाळी थांबते तेव्हा ते कथेत गेलेले असतात. म्हणजे बघा, मला हे कुणी शिकवायला हवं होतं असंही नाही. मला ठाऊक होतं. सगळ्यांत आधी, सगळ्यांत चांगलं, मलाच ठाऊक होतं.

उतार संपला, गाढव विहिरीपाशी आलं, संगीत सुरू झालं, आणि मी दचकून पुन्हा फेरीला लागलो. एकोणतीस, तीस, एकतीस या तीन फेऱ्या झाल्याच नव्हत्या.

सिनेमा संपल्यावर मागच्या जिन्यावर बसून मी तक्ता भरला. आम्ही सगळेच असा शेवटी, एका दमात भरायचो. एकोणतिसाव्या चौकटीपाशी पेन अडखळलं. फुली मारायची तर शेजारी कारण लिहावं लागतं. काय लिहिणार होतो? 'फेरी करणारा सिनेमा बघत होता'? मॅडम हसल्या असत्या, किंवा रागावल्या असत्या. मॅडम म्हणजे आमच्या कंपनीच्या प्रमुख. मी तीन खुणा केल्या. देवाशपथ सांगतो, त्या वेळी मनात वाईट काही नव्हतं. फक्त लाज होती, रडल्याची. मोठी लाज पुढे यायची होती.

चार दिवसांनी निर्मात्याच्या कचेरीत बैठक झाली. भिंतीवर आमची रेघ. डोंगर, दरी, डोंगर, आणि अठ्ठावन्नपासून बासष्टपर्यंत एकदम सपाट. पाचावर. कुणी पट्टीने आखावी तशी.

निर्माते भला माणूस. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मास्तर, मला स्वतःला हा भाग आवडलाय. पण माझ्या एकट्याच्या आवडीवर सिनेमागृह भरत नाही. ही दीडशे माणसं आहेत. चार मिनिटं एकाचंही चाक हललं नाही."

"हात तर सुटले नसतील?" मास्तर म्हणाले. त्यांना आमच्या कामाची माहिती होती. मीच कधीतरी सांगितली होती.

"ते आम्ही तपासतो," मॅडम म्हणाल्या आणि माझा तक्ता पुढे सरकवला. "तिन्ही फेऱ्या झाल्यात. हात चाकावर होते."

मास्तरांनी तक्ता पाहिलाच नाही. माझ्याकडे पाहिलं. "खोडरबर, तू होतास ना आत? तूच सांग. काय करत होती माणसं?"

सगळे माझ्याकडे वळले. त्या खोलीत पाण्याचे पेले होते, पंखा फिरत होता, आणि माझ्या जिभेवर खरं उत्तर अगदी तयार होतं. रडत होती, मास्तर. एवढेच तीन शब्द. पण त्यामागून लगेच येणारा प्रश्नही मला दिसत होता: मग ही खूण कुणी केली?

"फेऱ्या वेळेवर झाल्या, मास्तर," मी म्हणालो. "हात चाकावर होते."

 मास्तरांनी मान हलवली. "बरं. तू म्हणतोस म्हणजे असेल."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले, कारण त्यांचा गुडघा दुखतो.

ती चार मिनिटं कापली. दोन महिन्यांनी सिनेमा लागला. प्रेक्षकांनी त्याला दहापैकी सात पूर्णांक नऊ गुण दिले. निर्मात्यांनी तो आकडा भित्तिपत्रकांवर गाढवाच्या डोक्याएवढा मोठा छापला. कचेरीत पेढे वाटून गोड बोलणं चाललं होतं, "आपली तपासणी अचूक ठरली," वगैरे. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, मी मान खाली घातली, आणि लोक म्हणाले, किती विनयी आहे बघा.

रविवारी दुपारी मी मुलीला तो सिनेमा दाखवायला नेलं. तिनेच हट्ट धरला. सहा वर्षांची आहे. पूर्ण वेळ हसली, टाळ्या पिटल्या. बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला बुटाचा बंद बांधून घेत असताना म्हणाली, "बाबा, ते आंधळं गाढव खाली कसं आलं?"

"कुठे खाली?"

"अरे, वर होतं ना डोंगरावर! त्याला दिसत नव्हतं. मग एकदम विहिरीपाशी. उडत आलं का?"

"शिंगराने आणलं."

"मग ते दाखवलं का नाही?" तिने दुसरा पाय पुढे केला. "तेच तर बघायचं होतं मला."

बंद माझ्या हातून दोनदा सुटला. मी म्हणालो, "मग तुला सिनेमा आवडला नाही का?"

"आवडला की! दहा दे. नाही, अकरा दे."

दीडशे माणसांच्या चाकांना जे कळलं नाही ते तिला कळलं होतं, आणि तरी तिने अकरा दिले होते. पोरांचं मन देवाने असं मोठं केलेलं असतं. जे मिळालं त्यावर ती खूश. पण जे मिळालं नाही ते कुणी काढून घेतलं, हे विचारायला ती माझ्याच पायाशी उभी होती, एका बुटावर.

सोमवारी मी मॅडमच्या खोलीत गेलो.

"मॅडम, गाढवाच्या सिनेमाच्या वेळी मी तीन फेऱ्या केल्या नव्हत्या. उतारावरच्या."

"कोण करतं?" त्या संगणकावरून नजर न काढता म्हणाल्या.

"पण हात सुटले होते. सगळ्यांचे. फुल्या मारायच्या होत्या."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उठून दार लावलं. "गुण किती मिळाले लोकांचे?"

"सात पूर्णांक नऊ."

"मग? पेशंट बरा होऊन घरी गेला. आता कसली कबुली देतोस?"

"पेशंट बरा झाला मॅडम, पण पाय आपण उगाच कापला."

"पाय होता हे कुणाला माहितीये? लोकांनी जे पाहिलं त्याला गुण दिले. जे पाहिलंच नाही त्याला कोण देणार?" मग आवाज मऊ केला. "हे बघ, तू सरळ माणूस आहेस. म्हणून सांगते. तक्ता खोटा होता हे बाहेर गेलं तर तुझ्या तीन खुणांवर थांबणार नाही. गेल्या आठ वर्षांतले सगळे सिनेमे लोक उकरतील. घरी जा, जेव, झोप."

शिक्षा झाली असती तर मी हलका झालो असतो. त्यांनी मला तीही दिली नाही. मी जागेवर आलो, कपाटातून माझी तक्त्याची प्रत काढली, तीन खुणा खोडल्या. तिथे तीन फुल्या मारल्या. कारणाच्या जागी लिहिलं, 'सर्वांचे हात सुटलेले. फेरी करणारा रडत होता.' खाली सही केली आणि दुपारी निर्मात्याच्या कचेरीत स्वतः नेऊन दिली. हिला संध्याकाळी सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "सगळ्यांना सांगून आलात. मास्तरांना?"

बायकांना बरोबर कुठे बोट लावायचं ते कळतं.

मास्तरांकडे गेलो तेव्हा सकाळचं ऊन त्यांच्या काचेच्या टेबलावर पडलं होतं. टेबलाखालचा दिवा बंद होता, आणि काचेवर वर्तमानपत्र पसरून मास्तर मटार सोलत होते. कोपऱ्यात कागदांचे गठ्ठे सुतळीने बांधलेले. त्या अडीच-तीन हजार कागदांवर धूळ अजून बसली नव्हती. कुणीतरी रोज पुसत असणार.

"ये, खोडरबर. बस. सोलायला लाग."

मी बसलो. एक शेंग फोडली. दुसरी फोडली. तिसरीला म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी मी फेऱ्या केल्या नव्हत्या."

"कुठल्या?"

"उतारावरच्या. तिन्ही."

"मग काय करत होतास?"

"बघत होतो."

त्यांचा हात थांबला. "पूर्ण बघितलंस?"

"पूर्ण."

"आणि बाकीचे?"

"तेही. कुणाचाही हात चाकावर नव्हता. एका आजीने तोंड झाकून घेतलं होतं. एका माणसाची डबी खाली पडली तरी त्याला समजलं नाही."

"अकराव्या वळणावर?" त्यांचा आवाज बदलला होता. "तिथे कुणी हललं? कुजबुजलं?"

"कुणी खोकलंसुद्धा नाही, मास्तर."

मास्तर पुढे वाकले आणि विचारत सुटले. मुलं कुठे बघत होती? दुसऱ्या वळणावर लांबलं असं वाटलं का? खुरांचा आवाज मागच्या रांगेत पोचत होता? मी एकेक सांगत गेलो, आणि सांगता सांगता लक्षात आलं की चौदा महिन्यांच्या कामाबद्दल कुणी त्यांना हे सांगितलंच नव्हतं. त्यांच्या हाती आली होती फक्त एक सपाट रेघ. त्यांना द्यायचा खरा अहवाल मी आज देत होतो, मटाराच्या टरफलांवर. त्यांचा चेहरा उजळत चालला होता आणि माझ्याने तिकडे बघवत नव्हतं.

"कान ओळखलास?" त्यांनी हळूच विचारलं.

"ओळखला."

"तू त्या कंपनीत आहेस हे माहीत होतं. म्हटलं, कधीतरी कुठल्या तरी हॉलमध्ये भिंतीपाशी उभा असशील. दिसेल तुला." ते टरफलं गोळा करू लागले. "मग त्या दिवशी बैठकीत का नाही बोललास?"

"घाबरलो."

"कुणाला?"

"नोकरी जाईल ह्याला. आणि तुमच्यासमोर खोटा ठरेन, ह्याला."

"म्हणजे खोटा ठरू नये म्हणून खोटं बोललास."

"हो."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्याला पाणी तरी विचारा!"

"विचारतो. थांब जरा," मास्तर म्हणाले. मग मला, "निर्मात्याला कळवलंस?"

"काल. फुल्या मारून तक्ता दिलाय. सही करून."

"ते आता काय करणार? झालं ते झालं. सात पूर्णांक नऊ." त्यांनी बोटांनी मटार मोजल्यासारखे चाळवले. "आणि तुझी नोकरी?"

"बघू."

मी आणखी एक शेंग फोडली. मीच म्हणालो, "मास्तर, रागवा ना. काहीतरी बोला."

"बोलणार आहे. सोडणार नाही तुला," ते म्हणाले. "पण आत्ता येतच नाहीये. कुणी खोकलं नाही म्हणालास, त्याचाच आनंद आतून वर येतोय, काय करू? तो ओसरला की राग येईल. मोठा येईल, मला माहितीये." ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. ह्या वेळी माझ्या खांद्याचा आधार घेतला नाही. "परवा ये. तोवर नीट रागावून ठेवतो."

काकूंनी आणलेलं पाणी मी प्यालो आणि जिना उतरलो.

परवा मी गेलो. दार काकूंनी उघडलं. त्या बाजूला झाल्या. आत मास्तर दाराकडे तोंड करून उभे होते, आणि ह्या वेळी 'बस' म्हणाले नाहीत.